दिसत नाही ती सूज: पक्षाघाताच्या आधी, त्या दिवशी आणि नंतर घरच्यांनी काय करायचं

सकाळी चूळ भरताना आईच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळलं. तिने पदराने पुसलं, पुन्हा चूळ भरली, पुन्हा गळलं. "मशेरी जास्त झाली वाटतं, तोंड बधीर झालंय," असं काहीसं म्हणाली; शब्द जडावलेले. दहा मिनिटांनी डाव्या हातातला तांब्या सुटला तेव्हा कुठे आम्ही धावलो.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बीपी आणि शुगर विचारली, ते अपेक्षितच होतं. मग म्हणाल्या, "ताई, आजींना गेल्या आठवड्यात ताप, खोकला काही?" होता. चार दिवस कणकण होती. "हिरड्यांतून रक्त येतं?" येत होतं. "गुडघ्याची गोळी?" तीही सुरू होती, मेडिकलवाल्याने दिलेली, दोन वर्षं. एकीकडे हात लुळा पडलेला आणि या हिरड्या काय विचारतायत, असं मला तेव्हा वाटलं. त्या तीन प्रश्नांमागे एकच धागा होता हे पुढे कळलं. त्याला दाह म्हणतात.

मी डॉक्टर नाही. घरी रुग्ण सांभाळला, वाचलं, आणि डॉक्टरांना विचारून विचारून पिडलं, एवढीच माझी पात्रता. औषध सुरू करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. घरच्यांच्या हातात जे असतं, ते इथे आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'इन्फ्लमेशन'ला मराठीत एकच शब्द सगळीकडे चालत नाही. पाठ्यपुस्तकात दाह, वैद्यांकडे शोथ, घरात सूज. काटा रुतला की ती जागा लाल होते, तापते, फुगते, ठणकते. सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणं लिहून ठेवली आहेत. या दाहाचं काम चांगलंच असतं. पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, कचरा उचलतात आणि निघून जातात. घोटाळा होतो तो त्या निघून गेल्या नाहीत की.

रक्तवाहिनीच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल मुरत असतं. पांढऱ्या पेशी ते गिळायला येतात, गिळून तट्ट फुगतात आणि तिथेच मरतात. त्या ढिगाऱ्यावर शरीर एक आवरण धरतं, दुधावर साय धरते तसं. साय जाड आणि चिवट असली तर माणूस ती घेऊन ऐंशी वर्षं जगतो. पण आत दाह धुमसत राहिला की पेशींतून पाझरणारी विकरं सायीला आतून पोखरतात. एक दिवस ती फाटते, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि तिथे गुठळी धरते. ती वाहत मेंदूत जाऊन अडकली की झाला पक्षाघात. वाहिनी किती अरुंद झाली आहे याइतकंच साय किती कच्ची आहे हे महत्त्वाचं असतं. म्हणून 'ब्लॉकेज फक्त चाळीस टक्के' असं ऐकून निर्धास्त होऊ नये.

सगळे झटके गुठळीचे नसतात. काहींत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो, आणि तिथे मुख्य गुन्हेगार वाढलेलं बीपी असतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त स्कॅन सांगतो.

पायरी १: बीपीपासूनच सुरुवात, दुसरीकडून नाही

दाहावरचा लेख आणि सुरुवात बीपीने, असं वाटेल. पण दाहावर बोलणारे बरेच लोक हळदीपासून सुरू करतात आणि बीपीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून मुद्दाम. रक्ताचा दाब जास्त असला की वाहिनीचं अस्तर सतत दुखावतं, दुखावलेल्या जागी पांढऱ्या पेशी चिकटतात, वाहिनी कडक होते आणि कडक वाहिनीत दाब आणखी वाढतो. बत्तीस देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात पक्षाघाताच्या सुमारे नव्वद टक्के धोक्यामागे दहा बदलता येण्याजोग्या गोष्टी सापडल्या. त्यांत पहिला नंबर बीपीचा.

हा शहरी दुखण्याचा प्रकार आहे असं समजू नका. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद तपासली तेव्हा पक्षाघात हेच मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, सुमारे १४ टक्के. त्यातले बहुतेक लोक घरीच गेले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

घरी दंडाला बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसून, हात टेबलावर छातीच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. आमची आई मोजताना शेजारणीशी बोलायची आणि वीस आकडे वर दाखवायची. आता मशीन चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही असा नियम आहे.

पायरी २: रक्ताची तपासणी, पण कुणी आणि कधी

दाह मोजायची सोपी तपासणी म्हणजे सीआरपी. पोटातली चरबी, सुजलेल्या हिरड्या, छातीतला संसर्ग, कुठूनही धोक्याचा निरोप आला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. हृदय आणि मेंदूच्या धोक्यासाठी त्यातली बारीक मोजणारी, एचएस-सीआरपी, करतात. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला तर तो बहुधा ताप, जखम किंवा संसर्गाचा असतो. दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा करायची. म्हणजे सर्दी-खोकल्यात ही तपासणी केली तर पैसे वाया.

रिपोर्टवर एकक वाचा. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमागे आकडा देतात, तो दहापट लहान दिसतो. ०.५ बघून आम्ही खूश झालो होतो. ते खरं तर ५ होते.

ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. २००८ च्या ज्युपिटर अभ्यासात १७,८०२ अशा लोकांना घेतलं होतं ज्यांचं वाईट कोलेस्टेरॉल फारसं नव्हतं पण सीआरपी २ किंवा त्याहून जास्त होता. ज्यांना रोसुवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, दिली त्यांच्यात पक्षाघात जवळपास निम्म्यावर आला. तेव्हा 'गोळी सुरू करावी की नको' या काठावर जो माणूस आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना हा आकडा उपयोगी पडतो. ज्याला गुठळीचा झटका येऊनच गेला आहे त्याला स्टॅटिन तसंही मिळतं. आणि तंबाखू, कंबर, दात यांचा हिशेब करायला रक्त काढावं लागत नाही. कंबरेचं सांगायचं तर आपल्याकडच्या पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. टेप बेंबीच्या जवळ लावायची आणि पोट आत ओढायचं नाही. इथे सगळे चोरी करतात.

पायरी ३: मशेरीचा डबा आणि हिरड्या

सातारा-सांगली-कोल्हापूरच्या कित्येक घरांत न्हाणीघराच्या कोनाड्यात मशेरीची डबी असते, कुठे तिला मिसरी म्हणतात. तव्यावर भाजून काळा केलेला तंबाखू. सकाळी दातांना, मग दुपारी, मग रात्री. बायका याला तंबाखू खाणं म्हणतच नाहीत. 'आजी तंबाखू खातात का?' याचं उत्तर आमच्या घरात 'नाही' असंच गेलं असतं. रुग्णालयात फॉर्म भरताना मी तेच सांगितलंही.

तंबाखू ओढा, चघळा की दाताला लावा, निकोटीन रक्तात जातंच, वाहिन्या आवळतात, बीपी वाढतं. शिवाय हिरडी सुजते, दातापासून सुटते, आणि त्या फटीत जंतूंचं कायमचं बिऱ्हाड बसतं. तिथून धोक्याचे निरोप रोज रक्तात जातात. हिरड्यांचा आजार असलेल्यांत पक्षाघात जास्त आढळतो. मात्र हिरड्या साफ केल्याने पक्षाघात टळतोच, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून दात वाचावेत यासाठी दंतवैद्याकडे जा, आणि वाहिन्यांसाठी तंबाखू सोडा. ते सिद्ध आहे.

सोडायचं कसं? डबी फेकून देऊन होत नाही. आईने दोनदा नवी आणवली. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तिची खरी अडचण होती. कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके आणि डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ व्हायचं साधं औषध, हे जमल्यावर डबी सुटली. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. मराठीतही बोलतात.

पायरी ४: ताप आलेला आठवडा

हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंग्लंडमधल्या लाखो रुग्णांच्या नोंदींवरून २००४ मध्ये असं दिसलं की छातीचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका एरवीच्या सुमारे तिप्पट होतो, आणि मग हळूहळू उतरतो. संसर्गात रक्त चिकट होतं, गुठळी धरायला मदत करणारी प्रथिनं वाढतात, आणि ती सायही आतून कच्ची होते. त्याच अभ्यासात लस घेतल्यानंतर असा धोका वाढलेला दिसला नाही. बीपी-शुगरवाल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, हे त्यावरून माझं मत झालं. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

ताप आला तर बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. 'तापात गोळ्या उष्ण पडतात' हे आमच्याकडचं आवडतं वाक्य. आईच्या दोन दिवसांच्या गोळ्या त्यात चुकल्या होत्या. पाणी भरपूर द्या. उलट्या-जुलाब सुरू असतील तर मात्र बीपीच्या गोळीचं काय करायचं ते फोन करून विचारा. तापाला पॅरासिटामॉल.

नागीण उठली असेल, त्यातही डोळ्याजवळ, तर दुर्लक्ष नको. नागिणीनंतरच्या काही आठवड्यांत पक्षाघाताचा धोका वाढतो. विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी. मंत्र मारून घेण्यात ते दिवस घालवू नका. आणि तरुण माणसाला दोन-तीन आठवडे ताप, डोकेदुखी, मग गुंगी असं झालं तर टीबीचा विचार व्हायला हवा. मेंदूच्या आवरणाचा टीबी तळाच्या वाहिन्यांना दाहाने वेढतो आणि त्यातूनही लकवा होतो.

लहान मुलांचंही एक सांगायला हवं. घसा सुजणं, मग सांधे सुजणं, मग हृदयाची झडप खराब होणं, असा हा संधिवाताच्या तापाचा प्रवास आहे. झडप आकुंचली की हृदयाचे ठोके अनियमित होतात, आत गुठळ्या धरतात आणि तिशी-चाळिशीत बाईला लकवा येतो. दाह शाळेत असताना झाला, झटका संसारात आला. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. ते दुखतं, म्हणून आया टाळतात. टाळू नका.

पायरी ५: गुडघ्याची गोळी

इथे बुद्धीला पटणारी आणि तरी चुकीची असलेली गोष्ट आहे. दाहामुळे झटका येतो ना, मग सूज उतरायची गोळी घेतली तर झटका टळेल की! प्रत्यक्षात उलट होतं. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या गुडघ्याची सूज उतरवतात, पण बीपी वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि हृदयविकार-पक्षाघाताचा धोका वाढवतात. याच गटातलं रोफेकॉक्सिब हे औषध २००४ मध्ये या कारणाने जगभरातून मागे घेतलं गेलं. गुठळी धरू नये म्हणून देतात त्या अॅस्पिरिनच्या कामातही आयब्युप्रोफेन आडवं येतं.

मेडिकलमधून 'दुखण्याची' म्हणून मिळणाऱ्या पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. पॅरासिटामॉलबरोबर यातलं एखादं नाव बरेचदा असतं. कधीतरी दोन दिवस घेतली तर आभाळ कोसळत नाही. पण दोन वर्षं रोज हा वेगळा प्रकार आहे. खरा संधिवात असेल, सकाळी बोटं ताठत असतील, सांधे सुजत असतील, तर तो नीट तपासून मुळावर औषध घ्या. अंगभर पेटलेला तो दाह वाहिन्यांनाही लागतो.

पायरी ६: झटका आला त्या दिवशी

थोडक्यात, कारण इथे वाचायला वेळ नसतो. तोंड वाकडं, हात-पाय लुळा, बोलणं बोबडं, एकाएकी तोल जाणं किंवा दिसेनासं होणं: यातलं एकही पुरे. १०८ लावा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. उठल्यावर लक्षात आलं असेल तर रात्री झोपल्याची वेळ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी तारेने ओढून काढणं काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत जमतं. मोठ्या वाहिनीचा झटका असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं रुग्णालय कुठलं, हे आजच शोधून ठेवा.

पाणी, चहा, साखर, बीपीची गोळी, अॅस्पिरिन, काही तोंडात घालायचं नाही. रक्तस्राव असेल तर अॅस्पिरिन घातक. कांदा हुंगवणं, बोटं टोचणं, कबुतराचं रक्त चोळणं, लकव्याच्या बाबाकडे नेणं, हे सगळं सुचवणारी माणसं तासाभरात दारात येतात. मायेनेच येतात. त्यांना रिक्षा बघायला पाठवा.

पायरी ७: पहिला आठवडा, आणि माझी चूक

मेंदूचा भाग मेला की त्याच्या ढिगाऱ्यातून धोक्याचे निरोप सुटतात. मेंदूतल्या राखणदार पेशी काही मिनिटांत जाग्या होतात, पहिल्या एक-दोन दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घुसतात, आणि मेंदू-रक्तामधला पडदा गळका होतो. सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सगळ्यात जास्त असते. म्हणून 'काल बोलत होते, आज झोपाळू झाले' असं वाटलं तर 'दमले असतील' म्हणून सोडू नका, लगेच सिस्टरांना सांगा. मोठ्या झटक्यात कधी कधी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागते, आणि तो निर्णय तासांत घ्यावा लागतो.

मग दाह दाबणारं स्टिरॉइड का देत नाहीत? नातेवाईक हे हमखास विचारतात. गुठळीच्या पक्षाघातात स्टिरॉइडने फायदा होत नाही, शुगर मात्र वाढते. पांढऱ्या पेशींना मेंदूत शिरण्यापासून रोखणारं एनलिमोमॅब नावाचं औषध ६२५ रुग्णांवर वापरून पाहिलं. २००१ मधल्या निकालात त्या रुग्णांचं जास्तच वाईट झालं. दाह सरसकट दाबणं हा उपाय नाही, हे त्यातून कळलं.

त्यात आणखी एक विचित्र गोष्ट. मेंदूत दाह भडकलेला असतानाच बाकी शरीराची प्रतिकारशक्ती खाली जाते. मेंदू जणू सैन्य मागे बोलावतो. त्याच वेळी गिळणं बिघडलेलं असतं. पहिल्या आठवड्यात न्यूमोनिया होतो तो या दोन्हींच्या संगमाने.

दुसऱ्या रात्री आई 'पाणी, पाणी' करत होती. गिळण्याची तपासणी व्हायची होती, तोंडाने काही देऊ नका असं सांगितलेलं होतं. मला वाटलं शहाळ्याचं पाणी ते काय, देवाचं पाणी. आडवी असतानाच चार चमचे घातले. तिसऱ्या चमच्याला ती खोकली नाही, फक्त आवाज घोगरा झाला, घशात पाणी खुळखुळल्यासारखा. मी चौथा दिला. दोन दिवसांनी ताप, मग छातीत कफ, मग ऑक्सिजन. नऊ दिवस वाढले. खोकला येत नाही म्हणजे श्वासनळीत जात नाही असं नसतं; बिघडलेल्या घशाला खोकायचंही कळत नाही. तो ओला आवाज हीच खूण होती.

तेव्हा गिळण्याची तपासणी होईपर्यंत थेंबही नाही. नंतर भरवताना पूर्ण ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, लहान घास, दोन घासांत थांबून, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्यापेक्षा दाट पेज अनेकांना सोपी जाते, पण किती दाट ते गिळणं तपासणारे थेरपिस्ट सांगतील. दिवसातून तीनदा ओल्या कापडाने किंवा मऊ ब्रशने तोंड साफ करा. लाळेतले जंतूच फुप्फुसात उतरतात. न्यूमोनिया होऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देऊन पाहिल्याचे दोन मोठे अभ्यास २०१५ मध्ये आले. एकात न्यूमोनिया कमी झाला नाही, दुसऱ्यात रुग्णांची अवस्था सुधारली नाही. तेव्हा त्याचा आग्रह धरू नका.

उलट ऑस्ट्रेलियातल्या १९ रुग्णालयांत परिचारिकांनी पहिले ७२ तास फक्त तीन गोष्टी कसोशीने सांभाळल्या: ताप, शुगर आणि गिळणं. २०११ मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण ५८ वरून ४२ टक्क्यांवर. यात एकही नवं औषध नव्हतं. वॉर्डात बसलेल्या नातेवाइकाने तापाचा आणि शुगरचा आकडा विचारत राहणं ही कटकट नव्हे. ताप ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या वर गेला की सांगायचं.

पायरी ८: पुढचे महिने

आठवड्याभरानंतर त्याच पांढऱ्या पेशींतल्या कित्येक आपलं रूप पालटतात. मेलेलं उचलतात, नव्या वाहिन्या आणि नव्या जोडण्या फुटायला मदत करणारी रसायनं सोडतात. मांडव जाळणारेच मांडव झाडायला येतात म्हणा. सुधारणा सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि व्यायाम त्याच काळात नियमित हवा. पण पहिल्याच चोवीस तासांत जोरात उभं करून चालवायची घाई नको. २१०४ रुग्णांच्या अॅव्हर्ट अभ्यासात असं केलेल्यांची अवस्था नंतर किंचित वाईटच निघाली. थोडं थोडं, वारंवार.

फिजिओथेरपी घरच्या घरी उरकावी का? भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना शिकवून घरी व्यायाम करून घेतले, २०१७ मध्ये निकाल आला, जास्तीचा फायदा दिसला नाही. घरचे करतात ते वाया नाही, पण ते थेरपिस्टची जागा घेत नाही. परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा तरी थेरपिस्टला दाखवून पुढचा आठवडा ठरवून घ्या.

घरात दाह वाढवणाऱ्या तीन जागा शोधत राहायच्या. पाठीवर आणि टाचांवर पडणारे व्रण: दर दोन तासांनी कूस बदला, लाल झालेली जागा चोळू नका. लघवीची नळी: गरज संपली की काढून टाका, गढूळ लघवी आणि अचानक गोंधळलेपण ही संसर्गाची खूण. आणि लुळ्या बाजूचा खांदा: उचलताना कधीही त्या हाताला धरून ओढू नका. आईला खुर्चीतून उठवताना भावाने तसं केलं आणि खांदा दोन महिने सुजला.

मन खचणं हाही याच आजाराचा भाग आहे, साधारण तिघांत एकाला होतं. व्यायाम नको म्हणणारा रुग्ण प्रत्येक वेळी आळशी नसतो.

पायरी ९: दुसरा झटका टाळायच्या गोळ्या

गुठळीच्या झटक्यानंतर अॅस्पिरिन किंवा तसलं औषध, स्टॅटिन आणि बीपीच्या गोळ्या. ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारं वेगळं औषध. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, मग स्टॅटिन बंद करू का?' बंद करू नका. स्पार्कल अभ्यासात, २००६ मध्ये, ८० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिनने दुसरा पक्षाघात १६ टक्क्यांनी घटला. स्टॅटिन कोलेस्टेरॉलबरोबर सीआरपीही खाली आणतं.

व्हॉट्सअॅपवर सध्या कोल्चिसिन फिरतंय, संधिवातासारख्या गाउट या दुखण्यावरची जुनी, स्वस्त गोळी. हृदयविकाराच्या रुग्णांत ०.५ मिलिग्रॅम रोज देऊन चांगले निकाल आले आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्यासाठी मान्यताही मिळाली. पण पक्षाघाताच्याच रुग्णांवर झालेले दोन मोठे अभ्यास २०२४ मध्ये आले: मुख्यतः युरोपातला कॉन्व्हिन्स, ३१५४ रुग्ण, आणि चीनमधला चान्स-३, ८३४३ रुग्ण. पहिल्यात कल चांगला होता पण निर्णायक नव्हता. दुसऱ्यात तीन महिन्यांत फरकच पडला नाही. मूत्रपिंड अधू असेल किंवा काही अँटिबायोटिक सुरू असतील तर ही गोळी धोक्याची. स्वतःहून सुरू करू नका. डॉक्टर हृदयासाठी देत असतील तर घ्या.

आणि खाण्याचं

हळदीचं दूध प्या, आवडत असेल तर. हळदीतला कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषला जातो आणि त्याने पक्षाघात टळल्याचा पुरावा नाही. कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल मात्र रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर विचारल्याशिवाय घेऊ नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, पालेभाजी, जवसाची चटणी, खाणाऱ्यांनी बांगडा-तारली: आपलं जेवण मुळात वाईट नाही. वाईट आहे ते त्याच्या कडेचं, लोणचं, पापड, खारे दाणे, चार वाजताचं फरसाण. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात हे सगळं आलं. चीनच्या ६०० गावांत साध्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेलं मीठ दिलं तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि काही बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते मीठ विचारूनच वापरावं.

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर गोळ्यांच्या वेळा, बीपीची मर्यादा, रात्री सीटी चालू असणाऱ्या रुग्णालयाचा फोन, फ्लूच्या लशीचा महिना, आणि 'ताप आला तरी गोळ्या चालू'. खाली उजव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, आईने स्वतः एक ओळ लिहिली आहे: शहाळं आणाल तर आधी मला नीट बसवा.